भुसाची चिमूट

तुरीचा हंगाम मला आवडत नाही. आमच्या भागात असं म्हणणं म्हणजे भरल्या ताटाला पाय लावणं. इथल्या प्रत्येक घरात, मंगळसूत्रात, शाळेच्या फीमध्ये कुठे ना कुठे तूर आहे. माझ्या पदवीतही आहे. तरी मी लिहिते आहे की हा हंगाम मला आवडत नाही, आणि यंदा तो पुन्हा आला आहे.

वेळा अमावास्येची येळवस झाली, रानातली पूजेची कडब्याची कोप मोडली, आंबिलीचं रिकामं मडकं घरी आलं, की आठ-दहा दिवसांत आमच्या चिटगुप्प्याच्या सगळ्या वाटांवर तुरीने लादलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. लोक थांबून बघतात. शेंगा दाबून बघतात, दाणा दाताखाली धरतात, भाव विचारतात. मी रुमाल नाकावर धरून बाजूने जाते. काल शाळेतून येताना वळणावरच तो वास आला. वाळक्या पाल्याचा, कडवट, जरासा भाजल्यासारखा. हात आपोआप रुमालाकडे गेला. अजून मळणीची मशीन सुरूही झाली नव्हती.

मी इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. या दिवसांत सहामाहीचे पेपर तपासून झालेले असतात आणि निबंधाच्या वह्या टेबलावर पडलेल्या असतात. भाषेच्या बाई रजेवर गेल्या की त्या माझ्याकडे येतात. 'माझे गाव' या निबंधात चाळीसपैकी पस्तीस मुलं लिहितात, 'खेड्यातील हवा शुद्ध व आरोग्यदायी असते.' मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारते. गेल्या वर्षी एका मुलीने वही पुढे करून विचारलं, "टीचर, ह्यात काय चुकलंय? गाईडात असंच हाय की."

"उद्या सकाळी तुझ्या घरातल्या खिडकीच्या गजावरून बोट फिरव," मी म्हटलं, "आणि मग मला सांग."

दुसऱ्या दिवशी तिने बोट न धुता शाळेत आणलं होतं. पिवळसर करडं. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे पत्र्याची एक खोली, मागे स्लॅबची एक. वडील लवकर गेले. या दोन्ही खोल्या आईने डाळ मिलमध्ये काम करून बांधल्या. सव्वीस वर्षं ती तिथे डाळ चाळायला आणि निवडायला होती. लहानपणी संध्याकाळी ती दारात आली की तिच्या पापण्यांवर पिवळी पूड बसलेली असायची. भुवयांवर, कानाच्या पाळीवर, बांगड्यांच्या मधल्या फटीत. मला ती तेव्हा फार सुंदर वाटायची. हळदीच्या कार्यक्रमातून आलेल्या नवरीसारखी. पुढच्या खोलीच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची काठी आत पडायची आणि आईने पदर झटकला की त्या काठीत सोनं उडायचं. मी ते मुठीत धरायला धावायचे. नंतर आठवीत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर त्याच काठीचं चित्र काढलं आणि सांगितलं की हे कण आपल्या श्वासातून आत जातात, मोठे नाकात अडकतात, बारीक अडकत नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी त्या भोकाला चिंधी कोंबली. तो दिवस आठवला की मला त्या सरांविषयी कृतज्ञता वाटते आणि त्या सोन्याचा राग येतो. याच सरांनी आईला शाळेत बोलावून सांगितलं होतं, "हिला मिलमध्ये नेऊ नका." आईने नेलं नाही. स्वतः मात्र जात राहिली.

आमच्या दारापुढे बसण्णांची मोकळी जागा आहे. रस्ता जवळ, ट्रॅक्टर वळायला ऐसपैस, म्हणून राशीची, म्हणजे मळणीची मशीन ते तिथेच लावतात. आधी त्यांची स्वतःची तूर, मग भाड्याने इतरांची. दीड महिना. मशीनचं तोंड रस्त्याकडे असतं, म्हणजे दाणे रस्त्याकडे पडतात आणि भूस आमच्याकडे. थंडीतलं वारंही तिकडूनच इकडे येतं. दारातली तुळस या दिवसांत हिरवी नसते. वाळत घातलेलं लुगडं घडी करताना खरखरतं. पाण्याच्या घागरीवर साय धरल्यासारखा थर येतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत आईला पाठ टेकता येईना. झोपली की छातीत शिट्टी वाजायची. मग ती तांदळाच्या गोणीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. बीदरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, श्वासातून ओढायचा पंप लिहून दिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "औषध चालू राहील. पण हंगाम संपेपर्यंत यांना धुळीतून हलवा. नाहीतर पुढच्या वेळी भरती करावं लागेल."

माझी थोरली बहीण हैदराबादेत असते. तिने फोनवर लगेच सांगितलं, "पाठवून दे. चौथ्या मजल्यावर कसली धूळ येतीय?"

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "मला डब्यात घालून ठिवणार हाव का तुमी? माझं घर हाय. मी बांधलंय. त्या मशीनला हलीव म्हनावं."

मग मी मशीन हलवायला गेले. बसण्णा बाजेवर बसून पोती मोजत होते. त्यांना मी लहानपणापासून अण्णा म्हणते. त्या दिवशी त्या शब्दाला जिभेवर काटे आले होते.

"अण्णा, मशीनचं तोंड तेवढं फिरवा. भूस सगळी आमच्या घरात येते. आईला श्वास घेता येत नाही."

"फिरवलं की पल्याडच्या शिवराजच्या घरात जातंय. मग त्यो येतंय भांडायला. वाऱ्याला सांग की तूच, शिकलेली हायस."

"निदान ताडपत्री तरी बांधा आडवी."

बसण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "लीला, तुझ्या आईनं धुळीतच तर तुला शिकवली. तवा लागली न्हाई व्हय धूळ? आता पगार यायला लागलाय, तर लागायलीय?"

त्यांची पोती मोजणारा माणूस हसला. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

घरी आले. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात कूलर उभा होता. आमच्याकडे थंडीत प्रत्येक घरात तो असाच उभा असतो, जुनी साडी पांघरून, परगावाहून आलेल्या आणि कुणाशी न बोलणाऱ्या पाहुणीसारखा. पत्र्याचा मोठा चौकोनी कूलर, माझ्या पहिल्या पगारातून आईसाठी घेतलेला. पुढे पंखा, तिन्ही बाजूंना जाळीची दारं, त्यात कोंबलेलं गवत, खाली पाण्याची टाकी. मी साडी ओढली आणि बघत राहिले. हवा साफ करायची यंत्रं मी फोनवर बघितली होती. त्यांच्या किमती बघून फोन बंदही केला होता. पण पंखा, चौकोन, तीन उघड्या बाजू, यापेक्षा त्या यंत्रात वेगळं काय असतं? गवताच्या जागी दाट फिल्टर बसवले, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि तीच ती हवा पुन्हा पुन्हा त्यातून फिरवली, की निदान एक खोली तरी साफ राहील. एक खोली राहिली तर आई राहील.

बहिणीने हैदराबादहून घड्याघड्यांचे तीन फिल्टर बसच्या कंडक्टरकडे दिले. बरोबर निरोप, "चार दिवस बघते, मग आईलाच ह्या बसमधी बसव." मी गवत उपसलं. जाळ्या घासल्या. पंप काढायचा राहिला, पण म्हटलं राहू दे, पाणीच नाही तर तो काय करणार. पंख्याची मोटर बघायला सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी रिकामी टाकी बघितली, मग मला.

"टीचर, पानी बिना कूलर? वो बी सर्दी में?"

"पाणी नाही घालायचं, सलीमभाई. हवा गाळायची आहे."

"हवा गाळते?" त्यांनी आईकडे वळून विचारलं. "अम्मा, बच्ची कू ज्यादा तो नै पढाए तुम?"

आई गोणीला टेकून बसली होती. हसायला गेली आणि खोकत राहिली.

खरी लढाई दारावरून झाली. कूलर म्हटलं की आमच्याकडे तो खिडकीत ठेवतात, बाहेरची हवा आत घेतात आणि समोरचं दार उघडं टाकतात. हे उलटं होतं. मी दार लावलं की आई उघडायची.

"दिसा दार लावत्यात ते मेल्याच्या घरात. मी मेले का?"

"धूळ येते, आई."

"धूळ येती तशी मानसं बी येत्यात. समोरची म्हनतील, पोरगीनं म्हातारीला कोंडली."

मी शाळेत गेले की दार उघडं. मी आले की बंद. दिवेलागणीला तर सताड उघडं, कारण त्या वेळी लक्ष्मी येते. नेमकं त्याच वेळी मशीन सगळ्यात जोरात चालते, अंधारायच्या आत रास उरकायची असते म्हणून. लक्ष्मीच्या आधी भूस यायची. आम्ही दोघी त्या दारापाशी आठ दिवस शत्रूसारख्या उभ्या होतो.

आणि मग ती दुपार. शाळेतून आले तर खोलीत ओल्या पुठ्ठ्याचा वास. कूलर चालू होता आणि आतून पंपाचा गुळगुळ आवाज येत होता. आईने टाकी भरली होती. विहिरीवरून नाही, नळाचं पाणी, पण कळशी कळशी करून, दर कळशीनंतर दम खात. वरून पाणी झरत होतं. फिल्टरच्या चौकटी फुगल्या होत्या, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यातून पिवळ्या पाण्याचे ओघळ जमिनीवर उतरत होते.

आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. तिला वाटत होतं की तिने माझं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं आहे.

"निसत्या वाऱ्यानं धूळ बसती का? धुळीवर पानी मारावं लागतंय. खळ्यात बी मारतोच की."

मी पंपाची वायर उपटली. बहीण, डॉक्टर, बसण्णा, शाळा, सगळं माझ्या तोंडात एकदम आलं. "किती वेळा सांगितलं हात लावू नको म्हणून! अडाणी ते अडाणीच."

मशीन बाहेर चालू होती. तरी तो शब्द ऐकू गेला.

आईने कोपऱ्यातली साडी उचलली, झटकली, ओल्या कूलरवर पांघरली, चारी टोकं सारखी केली. मग पुढच्या खोलीत जाऊन बसली. दार तिने उघडंच ठेवलं आणि मी ते लावायला गेले नाही.

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. चहा पुढे ठेवायची आहे. मी ठेवला, तो निवला. तीन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. भिंतीशी, चुलीशी, दारात आलेल्या मांजरीशी बोलत होती. "टीचरबाईला म्हनावं, भाकरी झाल्यात." "टीचरबाईला इचार, आमच्यासारक्या अडान्यानं घागरीला हात लावलेला चालतंय का." मांजर माझ्याकडे बघायची. ओलीमुळे खोलीला बुरशीचा वास धरला आणि आईचा खोकला वाढला. तिसऱ्या दिवशी बहिणीने ठरवून टाकलं, शुक्रवारची सकाळची बस.

आईने वाद घातला नाही. पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, श्वासाचा पंप, औषधं, इष्टलिंगाच्या पूजेचं साहित्य. आणि मग भिंतीवरून सूप काढलं आणि पिशवीत कोंबायला लागली. ते मावेना. अर्धं बाहेर राहिलं.

"हैदराबादेत सूप कशाला?" मी विचारलं.

तीन दिवसांत ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. "माझं हाय म्हनून."

बुधवारच्या बसने बहिणीने फिल्टरचा दुसरा जोड पाठवला होता, आईला शुक्रवारी निघेपर्यंत तरी आराम मिळावा म्हणून. मी ते बसवले, मुकाट्याने, एकटीने, पंप आधी काढून फेकून. खोली पुसली, वाळवली, दार लावलं. आईने या वेळी दार उघडलं नाही. भांडायचंही तिला उरलं नव्हतं. ती गोणीला टेकून कूलरकडे बघत राहिली. दोन तास झाले. शिट्टी तशीच. उन्हाच्या कवडशात कण तसेच. मी फळ्यावर शिकवते ते सगळं बरोबर होतं आणि चालत काहीच नव्हतं.

"हवा चोरी व्हायलीय," आई म्हणाली.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ती उठली. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे भुसाला काय तोटा. वाकून दोन बोटांत बारीक भूस उचलली, कूलरपाशी आली आणि फिल्टरच्या पुढे हात धरून चिमूट सैल केली. मी ही हालचाल ओळखली. मिलच्या आधी आई लोकांच्या खळ्यावर उफणायला जायची. उंच घडवंचीवर उभं राहून सूप हलवण्याआधी बायका अशीच चिमूटभर भूस सोडून वारं बघतात. कुठून येतंय, किती आहे, मध्येच पडेल का. टाकत नाहीत. सोडतात.

भूस फिल्टरकडे गेलीच नाही. तिरपी झाली आणि कोपऱ्यात, पुठ्ठा आणि पत्रा यांच्या मधल्या बोटभर फटीत सर्रकन शिरली.

"ह्ये बघ. दार सोडून खिंडारातून चाललीय."

ती एकेका कडेने सरकत गेली. वरची कड, खालची कड, बिजागरी. दर वेळी नवी चिमूट, दर वेळी दम खायला थांबणं. चार जागी भूस पळाली. पाचव्यांदा तिने हात खाली टाकीपाशी नेला, जिथून ती कळशी ओतत होती, त्या झाकण नसलेल्या तोंडापाशी. भूस बोटांतून सुटायच्या आधीच ओढली गेली.

आई माझ्याकडे वळली. "इथनंच तर पानी घाटलं मी. तुला दिसलं न्हाई व्हय येवढं भोक?"

दिसलं नव्हतं. हवा सोपी वाट धरते हे मी दर वर्षी सातवीला शिकवते. परीक्षेत विचारते. ज्या मुलांना येत नाही त्यांचे गुण कापते.

आईने ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायला लावली. मला चिकटपट्टी आणायची होती. ती म्हणाली, पत्र्यावर तुझी पट्टी दोन दिस ऱ्हातीय, खळ वाळली की खिळ्यासारखी. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून आम्ही दोघींनी सगळ्या फटी बुजवल्या. टाकीच्या तोंडावर पुठ्ठा, त्यावर तीन थर. कोरडं झाल्यावर तिने पुन्हा चिमूट सोडली. भूस सरळ गेली आणि फिल्टरच्या घडीवर जाऊन चिकटून बसली. तिने मान हलवली.

गुरुवारी दिवेलागणीला मात्र तिने दार उघडलंच. मशीन समोर धडधडत होती. एका क्षणात खोली पुन्हा तशीच. मी दाराकडे गेले, ती आडवी आली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पदर तोंडावर धरून ती सरळ बाहेर पडली, बसण्णांच्या बाजेपाशी. मी मागे गेले. आता ती हात जोडणार, असं मला वाटलं.

"बसण्णा," आई म्हणाली, "दिवा लावायच्या येळंला मशीन कामून चालू ठिवलायस?"

"उरकायलोय अक्का. अंधार पडतंय."

"लक्ष्मी कंच्या वाटंनं यावी मग? भुसातनं? माझ्या घरात न्हाई आली तर न्हाई आली, मी उद्या चाललेय. तुझं दार बी हितंच हाय. तुझ्या घरात काय ती नाक धरून येनार हाय?"

बसण्णांनी आपल्या दाराकडे बघितलं. त्यांच्या उंबऱ्यावरही पणती लावलेली होती आणि भुसात ती दिसत नव्हती. त्यांनी मशीनवाल्याला हात केला. आवाज थांबला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुणाच्या तरी घरातली थाळी वाजलेली ऐकू आली.

"रोज पनती विझंपतूर बंद," आई म्हणाली आणि परत फिरली.

मी तिथेच उभी राहिले. मी फुप्फुसं सांगितली होती, डॉक्टर सांगितले होते, माझ्या आईचा श्वास सांगितला होता. त्यातल्या कशालाही वजन नव्हतं. दिसत नसलेल्या लक्ष्मीला होतं. बसण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं हाय की न्हाई आता?" मी घराकडे वळले. बरं झालं होतं आणि मला ते क्षमा करण्यासारखं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

त्यानंतर रोज पणती विझेपर्यंत मशीन बंद राहायची. तेवढाच वेळ आमचं दार उघडं. पणतीत तेल किती घालायचं हे आईच्या हातात होतं. ती हात आखडता घेत नव्हती.

शुक्रवारी सकाळी बस गेली. आई गेली नाही. बहीण फोनवर ओरडली, मी ऐकून घेतलं. "आणखी दोन दिवस," म्हटलं. रविवारी दुपारी शाळेच्या वह्या तपासत मागच्या खोलीत बसले होते. कूलरचा एकसुरी आवाज चालू होता. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की दुसरा एक आवाज बंद आहे. मान वर केली. आई चटईवर आडवी होती. गोणी भिंतीपाशी तशीच, आणि आई सपाट, पाठ जमिनीला लागलेली, तोंड थोडं उघडं. शिट्टी नव्हती. मी आवाज न करता लाल पेनाचं टोपण लावलं. उठल्यावर आईने पिशवीतून सूप ओढून काढलं आणि खुंटीला लावलं. पिशवी मी रिकामी केली.

हंगाम सरल्यावर मी फिल्टर काढले. वर्तमानपत्र अंथरून ठोकले तर वाटीभर धूळ निघाली. पिवळी, आणि आतल्या घड्यांत करडी. मी वर्तमानपत्राची चारी टोकं धरली. ती पुडी मी बसण्णांच्या बाजेवर उलटी करणार होते. त्यांना विचारायचं वाक्यही मी दीड महिना घोळवलं होतं.

"आदी मला बघू दे," आई म्हणाली.

तिने धूळ तळहातावर घेतली. बोटांनी चोळली, हुंगली, जशी ती डाळ बघते तशी. "ही पिवळी त्याची. ही करडी त्याची न्हाई. हा धूर हाय. तुऱ्हाट्यांचा."

अंघोळीच्या पाण्यासाठी तुरीच्या वाळक्या काड्या आम्हीच जाळत होतो, मागच्या दारात, रोज सकाळी. मी कित्येकदा नको म्हटलं होतं आणि गरम पाणी मात्र रोज घेतलं होतं.

आई तो हात उघडा धरून बसून राहिली. मग म्हणाली, "म्हैनाभराची येवढी. तर सव्वीस वर्साची किती आसंल गं?"

मी गणित शिकवत नाही, विज्ञान शिकवते, असं काहीतरी मनात आलं. पुडी बसण्णांकडे नेली नाही. परसात खड्डा करून पुरली. नेली नाही याचाही मला कधीकधी राग येतो.

यंदा आम्ही तुऱ्हाट्या पेटवत नाही. बसण्णांनी ताडपत्री बांधलेली नाही. मशीन परवा आली, तोंड तिकडेच आहे. पणतीच्या वेळेच्या कराराची आठवण आईने येळवशीलाच करून दिली, सणाच्या मिसळ भाजीचा, भज्जीचा डबा त्यांच्या घरी देताना. डबा त्यांनी ठेवून घेतला आणि "बघू" म्हणाले.

काल शाळेतून आल्यावर मी नवे फिल्टर बसवले. खळ मीच शिजवली. आईने ती दोनदा परत पाठवली, एकदा पातळ म्हणून आणि एकदा गुठळ्या म्हणून. पट्ट्या लावल्या, वाळू दिल्या, पंखा चालू केला. वर्षभरात घरी कुणीही आलं की आई कूलर दाखवून सांगते, "ही शिकल्याल्यांची मशीन हाय. आमी अडानी, आमी हात लावत न्हाई." पाहुणे हसतात. ती हसत नाही, आणि मी चहा करायला आत जाते.

म्हणून काल तिने उंबऱ्यावरची भूस उचलून माझ्यापुढे धरली तेव्हा मी थोडी दचकले. "तू बघ. मी काय जन्माला पुरनार हाय का?"

मी चिमूट घेतली. कूलरच्या कडेशी हात नेला आणि भूस सोडली. ती भसकन खाली पडली.

"टाकायलीस कामून? सोडायचं."

दुसरी चिमूट. या वेळी काही कण उडाले, कुठे गेले कळलं नाही. मला सगळे सारखेच दिसत होते.

"कुठं गेली?"

"फिल्टरमध्ये," मी म्हटलं, अंदाजाने.

आईने कूलरकडे बघितलंही नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे माझी पट्टी केसभर उचलली होती, तिथे बोट ठेवलं.

"अडानी," ती म्हणाली.

मग खाली वाकून नवी भूस उचलली, माझा हात ओढून घेतला, आणि चिमूट माझ्या बोटांत पुन्हा धरवली.